अडतीस आणि चार टिंबं

रंगनाथ निकुंभ नाशकात आला तेव्हा त्याच्याजवळ एक शिलाई मशीन, एक बायको आणि खरं बोलण्याची सवय, एवढाच ऐवज होता. त्यातल्या पहिल्या दोन गोष्टी शेवटपर्यंत टिकल्या.

गाव सटाण्याकडचं. मेन रोडच्या मागच्या बोळात त्याने दहा बाय बाराचं दुकान घेतलं आणि ‘निकुंभ टेलर्स, फक्त जेन्ट्स’ अशी पाटी लावली. त्यातलं ‘फक्त’ लाल रंगात होतं. बायको झुंबरबाई दुकानातच बसून काजं-बटणं करायची आणि मापांची वही सांभाळायची. रंगनाथने टेप लावून मोठ्याने आकडा सांगायचा, तिने लिहायचा, अशी पद्धत होती. रंगनाथचा आवाज खणखणीत होता. बोळाच्या तोंडाशी उभ्या असलेल्या माणसालाही आतल्या गिऱ्हाइकाची छाती, कंबर आणि मांडी कळायची.

एक्क्याण्णव साली या आवाजाने घात केला. एका वकिलाची कंबर त्याने ‘चव्वेचाळीस!’ अशी पुकारली. दुकानात तेव्हा त्याच वकिलाचे दोन पक्षकार उभे होते. वकिलाने शांतपणे कोट चढवला, ‘तुमची टेप जुनी झालीये’ म्हणाला आणि निघून गेला. त्याच्या मागोमाग पक्षकारही गेले, कारण त्यांची तारीख जवळ आली होती.

रंगनाथने त्या दिवशी जेवताना विचार केला आणि दुसऱ्या दिवसापासून पद्धत बदलली. चाळीस आणि चाळीसच्या वरची कंबर तो आता गिऱ्हाइकाला सोसेल एवढीच पुकारायचा. मग टेपच्या पितळी टोकाने टेबलावर हळूच टिचकी मारायचा. एक टिचकी म्हणजे दोन इंच. झुंबरबाई वहीत पुकारलेला आकडा लिहायची आणि जितक्या टिचक्या तितकी त्याच्यापुढे टिंबं द्यायची. कापड कापताना रंगनाथ टिंबं धरून कापायचा. कपडा अंगाला बसायचा, आकडा मनाला.

याला कोणी लबाडी म्हणेल. रंगनाथच्या मते ती अदब होती. घरी आलेल्या पाहुण्याला आपण ‘जाड झालात’ म्हणत नाही, ‘तब्येत सुधारली’ म्हणतो. त्याने तेच इंचांत आणलं होतं. धंदा वाढला. निकुंभकडे कपडे शिवले की माणूस बारीक होतो, अशी ख्याती ओझर, पिंपळगावपर्यंत गेली.

आणि ते दिवसच तसे होते. सायकली गेल्या, स्कूटरी आल्या. द्राक्षं परदेशी जायला लागली आणि बागायतदारांच्या पायांखाली जीपगाड्या आल्या. चालणं हे गरिबीचं लक्षण ठरलं. एक्क्याण्णव साली वहीच्या एका पानावर दोन-तीन टिंबं असायची. दोन हजार साल उजाडेपर्यंत पानांना गोवर उठल्यासारखं दिसायला लागलं. सगळ्या शहराची कंबर कशी वाढत गेली याची नोंद कुठल्याही सरकारी दप्तरात नव्हती, ती झुंबरबाईच्या मशीनखालच्या खोक्यात होती.

या वहीत दर दसऱ्याला एक नाव हमखास यायचं. पुंजा बोरस्ते, निफाडचा द्राक्ष बागायतदार. नव्वद साली पहिल्यांदा आला तेव्हा त्याची कंबर खरोखरच अडतीस होती. शेतात तो नाडीचा पायजमा घालायचा, पण लग्नकार्याला आणि सोसायटीच्या सभेला सफारी लागायची आणि ती रंगनाथचीच लागायची. येताना द्राक्षाची नाहीतर बेदाण्याची पिशवी आणायचा, तासभर बसून गप्पा मारायचा. दोघांची दोस्ती जमली. पुंजा त्याला मास्तर म्हणायचा आणि अरे-तुरे करायचा. रंगनाथ त्याला पुंजाभाऊ म्हणायचा आणि अहो-जाहो करायचा, कारण दोस्ती झाली तरी गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक.

पंच्याण्णव साली पुंजाच्या नावापुढे पहिलं टिंब पडलं. दर वर्षी तेच नाटक व्हायचं. टेप कमरेभोवती आली की पुंजा श्वास आत ओढायचा, रंगनाथ ‘अडतीस’ म्हणायचा, पुंजा श्वास सोडायचा आणि झुंबरबाई टिंबं द्यायची. दोन हजार दोनच्या दसऱ्याला ती चार झाली. पुंजा मात्र निफाडात चारचौघांत सांगायचा की बारा वर्षांत आपली कंबर तसूभर हलली नाही, पाहिजे तर नाशकात जाऊन मास्तरला विचारा.

दोन हजार तीनच्या दसऱ्याआधी पुंजा आला तो जुन्या सफारीची पँट हाताने वर ओढत. रंगनाथने टेप लावली. ‘अडतीस,’ तो म्हणाला आणि टेबलावर एक टिचकी मारली. झुंबरबाईने एक टिंब दिलं आणि पुढच्या तीन टिचक्यांची वाट बघत राहिली. त्या आल्या नाहीत. तिने मान वर करून नवऱ्याकडे बघितलं. नवरा टेप गुंडाळत होता आणि ती नीट गुंडाळली जात नव्हती.

“कापड सैल पडलं रं मास्तर औंदा,” पुंजा पँट दाखवत म्हणाला.

“टेरिकॉट आहे पुंजाभाऊ. सैल पडतंच.”

टेरिकॉट माणसाच्या आधी सैल पडल्याचं एकही उदाहरण शिलाईच्या धंद्यात नाही.

“आमची लंका रोज डोकं खाती,” पुंजा स्टुलावर टेकत म्हणाला. लंकाबाई म्हणजे त्याची बायको. “म्हनती, तुमी वाळले. म्या म्हनलं, वाळलो असतो तर मास्तरची टेप बोलली असती. आता जाऊन सांगतो, अडतीस ती अडतीस. थकवा येतो थोडा. गावातल्या डाक्टरनं रगत कमी हाय म्हनून लोखंडाच्या गोळ्या दिल्यात. दोन पावशेर लोखंड खाल्लं आसंल आतापतुर.”

तो हसला. रंगनाथही हसला. पुंजा गेल्यावर झुंबरबाई तिच्या माहेरच्या बोलीत म्हणाली, “तो मानूस गळी जायेल शे. त्याले सांगाले काय व्हस?”

माणूस गळून गेलाय हे रंगनाथलाही दिसलं होतं, आणि सांगायला काय होतं, तेही चांगलंच माहीत होतं. सहा इंच गेले असं सांगायचं, तर ते कुठून गेले हे आधी सांगावं लागणार. मग शेहेचाळीस आली, मग टिंबं आली, मग एकट्या पुंजाचीच नव्हे तर सगळ्या वहीची अब्रू गेली. तो म्हणाला, दसरा होऊ दे, सांगतो. दसरा झाल्यावर म्हणाला, सणासुदीचं नको, दिवाळी जाऊ दे. दिवाळीनंतर लग्नसराई लागली आणि सफाऱ्यांचा ढीग पडला. मग बागांत फवारणीची घाई होती, तेव्हा पुंजाला उगाच घोर कशाला लावायचा, असं त्याच्या मनात आलं. कारणांना तोटा नव्हता. शिवाय बारीक होणं ही काही वाईट गोष्ट नव्हे, असं तो स्वतःला सांगायचा. ते त्याला पटायचं नाही, म्हणून पुन्हा सांगायचा.

जानेवारीत एके दुपारी दुकानात एक बाई आल्या. पाटीवरचं ‘फक्त’ वाचूनही आल्या. नाव डॉक्टर स्नेहल देवरे. त्या मोठ्या आतड्याची ऑपरेशनं करायच्या.

“तुमच्याकडे मापांच्या जुन्या वह्या आहेत म्हणे.”

“आहेत. पण आम्ही लेडीज शिवत नाही.”

“मला शिवायचं नाहीये. मला कंबरा बघायच्यात.”

रंगनाथने झुंबरबाईकडे बघितलं. डॉक्टरांनी पिशवीतून कागद काढले. त्यांच्या पेशंटांपैकी अठरा जण निकुंभ टेलर्सचे गिऱ्हाईक होते आणि वही दाखवायला हरकत नाही अशी त्या अठरांची सही होती. दहा वर्षांपूर्वी तुमची कंबर किती होती, असं त्या प्रत्येक पेशंटला विचारायच्या. “आणि हे अठराच्या अठरा छत्तीस नाहीतर अडतीस सांगतात. फोटोत तर ढेऱ्या दिसतात. विचारलं की तुमचं नाव घेतात.”

“आतड्याच्या आजाराचा आणि कमरेचा काय संबंध?” रंगनाथने विषय लांब नेला. “चरबी नुसती पडून असते. माझ्याकडे वर चिंध्यांचं बोचकं आहे तशी.”

“दहा वर्षांपूर्वी डॉक्टरही तसंच समजायचे,” त्या म्हणाल्या आणि गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसल्या. “पण ते बोचकं नाही, ते चालू मशीन आहे. चरबी रस तयार करते आणि रक्तात सोडते. हार्मोन म्हणतात त्यांना. एकाचं नाव लेप्टिन. ते मेंदूला सांगतं, पोट भरलं, आता पुरे. जितकी चरबी जास्त, तितकं ते जास्त.”

“मग चांगलंच आहे की.”

“चांगलं असतं, मेंदूने ऐकलं असतं तर. पण तेच तेच रोज सांगणाऱ्याकडे कोण लक्ष देतं?” रंगनाथ या वेळी झुंबरबाईकडे बघायचं टाळून भिंतीकडे बघू लागला. “मेंदू कानाडोळा करतो. आतड्याच्या आतल्या पेशी मात्र करत नाहीत. प्रयोगशाळेत आतड्याच्या कॅन्सरच्या पेशी बशीत ठेवून त्यांच्यावर लेप्टिन घातलं, तर त्या जास्त वेगाने वाढतात. दुसरा एक रस आहे, अ‍ॅडिपोनेक्टिन. तो उलट पेशींना आवरून धरतो असं दिसतंय. पण गंमत अशी की पोट सुटत जातं तसतसा हा दुसरा कमी होत जातो. म्हणजे हाकणारा वाढतो आणि लगाम धरणारा घटतो.”

“आणि मग कॅन्सर होतो.”

“होतोच असं नाही हो. बारीक माणसालाही होतो, आणि कितीतरी ढेरपोटे नव्वदीत पेढे खात असतात. बशीत होतं ते माणसात तसंच होतं का, हेही अजून नक्की नाही. म्हणून तर मला आजाराच्या आधीच्या कंबरा पाहिजेत. नंतरच्या उपयोगाच्या नाहीत, कारण हा आजार माणसाला आतून खातो. आधी ढेरी असते, मग काही न करता उतरायला लागते, रक्त कमी होतं, थकवा येतो. घरचे म्हणतात, बरं झालं, बारीक झाला. आणि पेशंट सहा महिने लोहाच्या गोळ्या खात बसतो.”

रंगनाथला बसावंसं वाटलं. पण दुकानातल्या एकुलत्या एक स्टुलावर डॉक्टर बसल्या होत्या.

“सहा इंच उतरली तर?” त्याने विचारलं. “एका वर्षात. काही न करता. आणि गोळ्या चालू असतील तर?”

“कोणाची?”

त्याने वही काढून पुंजाचं पान उघडलं. डॉक्टरांनी वरून खाली बोट फिरवलं. “चौदा वेळा अडतीस आहे इथे. उतरली कुठे?”

रंगनाथ टेपचं टोक बोटाला गुंडाळत राहिला. शेवटी झुंबरबाई बोलली. “ताई, आकडा सोडा. टिंबं मोजा. एक टिंब म्हणजे दोन इंच.”

डॉक्टरांनी टिंबं मोजली. मग त्या मागची पानं चाळत गेल्या आणि सगळीकडची टिंबं बघत राहिल्या. चार महिने न जुळलेले त्यांचे आकडे त्या खोक्यात असे बसलेले होते. पण ते त्यांनी बाजूला ठेवलं. पुन्हा पुंजाच्या पानावर आल्या. “हे गृहस्थ उद्या माझ्यासमोर पाहिजेत,” त्या म्हणाल्या.

रंगनाथ निघाला तो तसाच, गळ्यात टेप घेऊन. निफाडच्या एसटीत कंडक्टरने त्याला पँटच्या शिलाईचा भाव विचारला, तो त्याला सांगता आला नाही. बागेत पुंजा वेलींच्या सावलीत बसून होता. पूर्वी तो बागेत बसत नसे. लंकाबाई मजुरांना पाणी देत होती.

“मास्तर! तू आन इकडं?”

“उभे राहा पुंजाभाऊ. माप घ्यायचंय.”

पुंजा उठला आणि सवयीने श्वास आत ओढला. रंगनाथने पायजम्याच्या नाडीवरून टेप फिरवली. “एकोणचाळीस,” तो म्हणाला. नऊ वर्षांत पुंजाचा खरा आकडा तो पहिल्यांदाच मोठ्याने बोलत होता.

“म्हंजी एक वाढली,” पुंजा लंकाबाईकडे बघून म्हणाला. “बघ. वाळलो म्हनती!”

“वाढली नाही पुंजाभाऊ. गेल्या दसऱ्याला तुमची चाळीस होती. त्याच्या आधीच्या दसऱ्याला शेहेचाळीस.”

पुंजाने त्याच्याकडे बघितलं. “शेहेचाळीस? कुनाची?”

“तुमची. मी अडतीस सांगत आलो.”

“कवापासून?”

“पंच्याण्णवपासून चाळीस, मग बेचाळीस, मग…”

“म्या शेहेचाळीस व्हतो?” पुंजाचा आवाज चढला. मजुरांनी हातातली कामं थांबवली. “सगळ्या निफाडात म्या सांगत फिरलो, आन तू माझ्या तोंडावर… लोकं हासत आसतील रं! शेहेचाळीस! ते सोसायटीचं चेअरमन बी चव्वेचाळीसच हायेत!”

त्याचा राग सगळा शेहेचाळीसवर होता. रंगनाथ समजावत होता, डॉक्टर, आतडं, उद्या चला, आणि पुंजा चेअरमनवरून हलायला तयार नव्हता. लंकाबाईने हातातली कळशी खाली ठेवली.

“शेहेचाळीसाचं ऱ्हाऊ द्या,” ती म्हणाली. “ती सात इंचं गेली कुटं, ते इचारा त्यास्नी.”

पुंजाने पायजम्याची नाडी चाचपून बघितली. लंकाबाई घरात गेली आणि कपड्यांची पिशवी भरून बाहेर आली.

गाठ निघाली ती आतड्याच्या उजव्या बाजूला, लिंबाएवढी. तिथून रक्त थोडं थोडं आत झिरपत होतं, म्हणून लोखंड कितीही खाल्लं तरी पुरत नव्हतं. ऑपरेशन झालं. आजूबाजूच्या चौदा बारीक लसिकागाठीही तपासल्या, त्यांतल्या दोनमध्ये आजार पोचला होता. म्हणजे केमो द्यावी लागणार होती.

रंगनाथने डॉक्टरांना व्हरांड्यात गाठलं. “दसऱ्याला आणलं असतं तर?”

“आता तो विचार करू नका,” त्या मऊ आवाजात म्हणाल्या. “तीन-चार महिन्यांनी फारसा फरक पडत नाही.”

हा आवाज रंगनाथच्या ओळखीचा होता. बारा वर्षं तो स्वतः याच आवाजात कंबरा सांगत आला होता. “ताई,” तो म्हणाला, “मला कमी करून सांगू नका.”

डॉक्टरांनी चष्मा काढला. “मला माहीत नाही,” त्या म्हणाल्या. “दसऱ्याला कदाचित त्या दोन गाठी कोऱ्या असत्या. कदाचित नसत्याही. हे कोणीच कधी सांगू शकणार नाही.”

माफी मिळेल नाहीतर शिक्षा, अशी त्याने मनाची तयारी केली होती. त्याला दोन्ही मिळालं नाही. तो जिन्याच्या पायरीवर बसला आणि येणाजाणाऱ्यांसमोर हमसून हमसून रडला. झुंबरबाई शेजारी बसून राहिली. तिने ‘मी सांगितलं होतं’ असं म्हटलं नाही, आणि हे तिला किती जड गेलं असेल ते लग्न झालेल्या माणसालाच कळेल.

त्यानंतर निकुंभ टेलर्समध्ये खरे आकडे पुकारले जाऊ लागले. रंगनाथ एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण तो टेप लावता लावता गिऱ्हाइकाला हाकणारा आणि लगाम धरणारा समजावून सांगायचा. लेप्टिन हे नाव त्याला पाठ झालं होतं, दुसरं काही केल्या जिभेवर बसेना, म्हणून त्याला तो ‘धाकटा’ म्हणायचा. कंबर एकदम उतरलेली दिसली तर सफारी शिवायला नकार द्यायचा आणि आधी रक्त तपासून या म्हणायचा. वर्षभरात निम्मी गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली. डॉक्टरांचा अभ्यास पुरा झाला. एकंदर एकसष्ट पेशंटांवरून कल दिसतो, पण संख्या लहान असल्याने ठामपणे काही म्हणता येत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. त्यांनी छापील प्रत दुकानात आणून दिली. ती इंग्रजीत होती. झुंबरबाईने तिला वहीसारखं कव्हर घातलं.

पुंजा दोन वर्षं बरा राहिला. केमोच्या फेऱ्यांना रंगनाथच सोबत जायचा. पुंजाने अडतीसचा विषय पुन्हा काढला नाही, रंगनाथनेही काढला नाही. ते दोघे पावसाबद्दल आणि बेदाण्याच्या भावाबद्दल बोलायचे. दोन हजार सहाच्या दिवाळीत आजार यकृतात दिसला, आणि डॉक्टरांनी या वेळी कोणाला कमी करून सांगितलं नाही.

दोन हजार सातच्या फेब्रुवारीत, बागेत काढणी चालू असताना, पुंजा पडवीत बाजेवर पडून होता. रंगनाथ आठवड्यातून दोनदा यायचा तसा आला होता. लंकाबाईने धुतलेला घड ताटलीत ठेवला आणि ती चहा टाकायला आत गेली. रंगनाथने तीन वर्षं गिळलेलं वाक्य काढलं.

“पुंजाभाऊ, मला दसऱ्यालाच कळलं होतं. टेप लावली तेव्हाच. तीन महिने मी तोंड उघडलं नाही.”

“म्हाईत हाय,” पुंजा म्हणाला. “तूच त्या दिवशी बागंत बोलला. दसऱ्याला चाळीस व्हती म्हनून. येडा हाय का म्या?”

“मग तुम्ही कधी काही…”

“काय बोलू? तवा सांगितलं आसतं, तर म्या काय केलं आसतं ठावं हाय? आदी तुझ्या आंगावर वरडलो आसतो. मग दुसरा शिंपी धरला आसता. डाक्टरकडं काय गेलो नसतो.”

रंगनाथच्या छातीवरचं ओझं जरासं हललं. पुंजाने ताटलीतला एक मणी उचलला, बोटांत फिरवला आणि परत ठेवून दिला. खाणं त्याला आता जात नव्हतं. मग तो छताकडे बघत म्हणाला, “पन तू सांगायला पायजे व्हतं, मास्तर.”

“हो,” रंगनाथ म्हणाला. “सांगायला पाहिजे होतं.”